कारखान्याचा अंक: मजकूर गोळा करण्यापासून बसच्या दारापर्यंत

कंपनीचा अंक, म्हणजे कामगारांसाठी निघणारं वार्तापत्र, चांगला निघाला की नाही, हे एमडींच्या अभिनंदनाच्या मेलवरून कळत नाही. वाटपाच्या दिवशी तिन्ही पाळ्या सुटल्यावर कँटीनच्या टेबलांवर, बसच्या सीटांवर आणि टाइम ऑफिसच्या खिडकीत किती प्रती उरल्या ते मोजलं की कळतं. घरी गेलेला अंक वाचला जातो. टेबलावर राहिलेल्या अंकावर दुसऱ्या दिवशी चहाचे ग्लास ठेवले जातात. तो घरी न्यावासा कशामुळे वाटतो, याचं उत्तर बहुतेक जण डिझाइनमध्ये शोधतात. आमचा अनुभव असा की ते मजकूर गोळा करण्यात आणि मंजुरीत असतं. छपाईत गडबड झाली तर अंक बिघडतो हे खरं, पण नुसता कागद गुळगुळीत आहे म्हणून कुणी तो डब्याच्या पिशवीत घालत नाही.

इथे लिहितोय ते ज्या अंकाबद्दल, त्याचा आवाका असा: चाकण-भोसरी पट्ट्यातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कायम, कंत्राटी आणि शिकाऊ धरून हजार-बाराशे माणसं. आठ पानी ए४ अंक, फोर कलर, दर दोन महिन्यांनी, १,५०० प्रती. सोबत मोबाइलवर वाचायची आवृत्ती आणि ऑफिसातल्या लोकांसाठी ई-मेल.

मासिक काढायचा मोह सुरुवातीला सगळ्यांनाच होतो. तीन अंक दणक्यात निघतात, चौथा रखडतो आणि पाचवा-सहावा ‘जोडअंक’ होतो. पूर्ण वेळ माणूस नसेल तर द्वैमासिकच बरं. अंकावर ‘जानेवारी–फेब्रुवारी’ असं छापूच नये. मजकूर फेब्रुवारीअखेर हातात येतो, अंक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वाटला जातो आणि पहिल्या दिवसापासून शिळा दिसतो. ‘अंक १४, मार्च’ एवढं पुरतं. ज्या महिन्यात वाटायचा तोच महिना छापायचा.

मराठीत या प्रकाराला चांगली वंशावळ आहे. किर्लोस्करवाडीत शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते कारखान्याचं पत्र म्हणूनच, आणि पुढे त्याचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. तेवढी महत्त्वाकांक्षा आपल्याला नको, पण कारखान्याच्या पत्राला खरा संपादक लागतो, एवढं तिथून घ्यावं. ‘संपादक मंडळ’ म्हणून अकरा विभागप्रमुखांची नावं छापून अंक निघत नाही. तो निघतो एका माणसाकडून, आणि ‘हे छापणार नाही’ म्हणायचा अधिकार त्या माणसाला असावा लागतो.

मजकूर येत नसतो, आणावा लागतो

‘सर्व विभागांनी आपापल्या बातम्या २० तारखेपर्यंत पाठवाव्यात’ असा मेल टाकला की काय येतं ते ठरलेलं आहे. फीत कापतानाचे फोटो, दीपप्रज्वलनाचे फोटो, आणि ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला ओळीनं हात पुढे करून शपथ घेणाऱ्यांचा फोटो, जो मागच्या वर्षीच्या फोटोच्या जागी टाकला तरी कुणाला फरक कळणार नाही.

म्हणून प्रत्येक विभागात एक वार्ताहर लागतो, आणि तो विभागप्रमुख नसावा. लाइनवरचा टीम लीडर, स्टोअरमधला जुना माणूस, टाइम ऑफिसचा क्लार्क, कँटीनचा मुकादम यांना सगळं ठाऊक असतं. कुणाची मुलगी कबड्डीत राज्यस्तरावर खेळली, कुणी जुना गेज बदलून नवं फिक्स्चर बनवलं, कोण पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, हे त्यांना फोनवर विचारायचं. फॉर्म भरून मागायचा नाही. फॉर्म दिला की माणूस लगेच सरकारी भाषेत जातो. दर पंधरवड्याला दहा मिनिटांचा फोन, आणि मिळालेल्या गोष्टींची एक वही किंवा शीट. आठ पानांना २०–२५ नोंदी पुरतात. त्यातल्या निम्म्याच छापायच्या असतात, पण चाळणीतून गाळायला मूळ माल जास्त लागतो.

सुधारणांच्या बातम्या, म्हणजे कायझन, क्वालिटी सर्कल, पोका-योके (चूक होऊच नये अशी केलेली सोय), या अंकाचा कणा असतात आणि नेमक्या त्याच सर्वांत कंटाळवाण्या लिहिल्या जातात. विभागाकडून येणारा मजकूर साधारण असा असतो:

‘उत्पादकता वृद्धीच्या दृष्टीने मशीन शॉप विभागामार्फत सेटअप टाइम कमी करण्याकरिता एक अभिनव उपक्रम राबविण्यात आला असून त्यामुळे कंपनीचा मोठ्या प्रमाणावर फायदा झाला आहे.’

यात माणूस नाही, मशीन नाही, आकडा नाही. वार्ताहराला पाच प्रश्न विचारायचे: आधी काय व्हायचं, ते कुणाच्या लक्षात आलं, नेमकं काय बदललं, आता किती लागतं, आणि अजून काय जमलेलं नाही. मग मजकूर असा होतो:

‘सीएनसी लेथवर जॉब बदलला की चकचे तिन्ही जॉ बदलावे लागतात. बोल्ट सहाच, पण अॅलन की टूल क्रिबमधून आणायची, जॉचा सेट रॅकवर शोधायचा, यात चाळीस मिनिटं जायची आणि मशीन उभं राहायचं. आता प्रत्येक जॉबच्या जॉ-सेटला नंबर टाकलाय. मशीन चालू असतानाच पुढचा सेट आणि की ट्रॉलीवर येऊन थांबतात. बदल अठरा मिनिटांत होतो. रात्रपाळीत ट्रॉली जागेवर सापडत नाही, ते मात्र अजून सुटायचंय.’

आकडे इथे नमुन्यादाखल घेतलेत. महत्त्वाचं आहे ते शेवटचं वाक्य. विभागप्रमुख ते हमखास कापायला सांगतात आणि संपादकानं ते हमखास टिकवायचं असतं. मशीनवरच्या माणसाला ट्रॉलीचं ठाऊक असतंच. ते छापलं की बाकीच्या मजकुरावर त्याचा विश्वास बसतो, गाळलं की सगळंच ‘मॅनेजमेंटचं’ होतं.

एमडींचं मनोगत १२० शब्दांत बसवावं, पान २ वर, आणि फोटो दर अंकात नको. ‘बदलत्या जागतिक परिस्थितीत आपण सर्वांनी मिळून’ असं सुरू होणारं मनोगत लिहून मागण्यापेक्षा शॉप फ्लोअरवरून आलेले तीन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत. नवी लाइन कधी येणार, कँटीनचं कंत्राट बदलणार का, कंत्राटी मुलांना कायम करायचं काय. उत्तर देता येत नसेल तर ‘याचा निर्णय अजून झालेला नाही’ असं सरळ छापता येतं, आणि ते चालतं.

एक पान निव्वळ उपयोगाचं असावं. जूनच्या अंकात फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला, कंपनीनं तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो), पीएफचं ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन वारसनोंद, घरबसल्या कसं करायचं, पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की ईएसआयचं (कामगार विम्याचं) काय होतं. या शेवटच्या प्रश्नावर कारखान्यात कायम गैरसमज असतो. पगार वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी ईएसआय बंद होत नाही. चालू अंशदान कालावधी, म्हणजे एप्रिल–सप्टेंबर किंवा ऑक्टोबर–मार्च, संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि संरक्षणही राहतं. असं पाच ओळींचं उत्तर कापून कपाटाच्या दाराला चिकटवलेलं दिसतं. हे पान एचआर आणि अकाउंट्सकडून तपासून घ्यायचंच. चुकीची तारीख छापली गेली तर शंभर माणसं खिडकीवर येतात.

सुरक्षेच्या पानावर शपथविधीऐवजी थोडक्यात टळलेले अपघात द्यावेत: कुठे, काय झालं, कशामुळे, आता काय बदललंय. नाव द्यायचं नाही, पाळीही नाही. एकदा नाव छापलं की पुढे कुणी अशी नोंद करत नाही.

नावं आणि फोटो

अंकात सर्वांत जास्त वाचलं जातं ते नाव, आणि सर्वांत जास्त चुकतं तेही नावच. कारण साधं आहे. पगारपत्रकात नावं इंग्रजी लिपीत असतात आणि त्या लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ एकच, ‘त’ आणि ‘ट’ एकच, ‘द’ आणि ‘ड’ एकच. काळे की काले, डांगे की दांगे, शेळके की शेलके, हे यादीवरून ठरवता येत नाही. डीटीपीवाला आपल्या ओळखीचं आडनाव टाकून मोकळा होतो. उपाय एकच: ज्याचं त्यानं मराठीत लिहिलेलं नाव. नव्या माणसाच्या भरतीच्या कागदांतच ‘नाव देवनागरीत’ असा एक रकाना ठेवून त्यावरून कायमची यादी करायची आणि दर वेळी तिथूनच नाव उचलायचं. हाताने पुन्हा टाइप करायचं नाही.

वाढदिवसाच्या यादीत तारीख आणि महिना द्यावा, जन्मसाल नको, मोबाइल नंबर तर नकोच. फोटो आणि वाढदिवस छापायची लेखी संमती एकदा घेऊन ठेवावी. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाल्यापासून एचआरही याबाबत सावध झालंय. दहावी-बारावीच्या मुलांचे फोटो पालकांनी स्वतः दिले तरच घ्यायचे, आणि ते टक्केवारीच्या क्रमानं कधीच लावायचे नाहीत. आडनावाच्या क्रमानं लावावेत, आयटीआय, डिप्लोमा आणि खेळ त्यातच मिसळून. ९४ टक्के वर आणि ५२ टक्के खाली असं पान केलं की पुढच्या वर्षी ५२ वाल्याचा बाप फोटो देत नाही.

निवृत्तीला चार ओळी पुरत नाहीत. पाऊण पान द्यावं. महिनाअखेरीला निरोपसमारंभाचा फोटो काढून ‘भावी आयुष्यासाठी शुभेच्छा’ छापण्यापेक्षा दोन महिने आधी जाऊन बसावं. रुजू झाले तेव्हा कारखान्यात काय होतं, कोणतं मशीन पहिलं चालवलं, कोणतं आता भंगारात गेलं, हे त्यांच्याच तोंडून घ्यावं.

फोटोंचं गणित आधी सगळ्यांना समजावून ठेवलं तर पुढची डोकेदुखी टळते. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतात, म्हणजे १० सेंटिमीटर रुंद फोटोला साधारण १,१८० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसून लांब बाजूला १,६०० पिक्सेलच्या आसपास येतो. त्यातून साडेतेरा सेंटिमीटरपर्यंतचा फोटो निघतो, मुखपृष्ठ निघत नाही. ए४ पूर्ण पानाला रुंदीतच अडीच हजार पिक्सेल लागतात. वार्ताहरांना एकच वाक्य पाठ करून घ्यावं: ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ पॉवरपॉइंटमध्ये चिकटवलेले फोटो घेऊच नयेत.

त्यानंतर प्रत्येक फोटो सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवायचा, कारण त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. ग्राइंडरवर गॉगल नाही. लेथवर उभ्या असलेल्याच्या बोटात अंगठी. हेल्मेटचा पट्टा सुटलेला. मागे अग्निशामक सिलिंडरसमोर ट्रॉली. पिवळ्या पट्ट्यावर ठेवलेला बिन. असा फोटो छापला तर सुरक्षेचं पान कुणी गंभीरपणे घेत नाही. दुसरी नजर क्वालिटीवाल्याची. मागच्या फळ्यावर आजच्या रिजेक्शनचा आकडा, टेबलावर उघडं ड्रॉइंग, बिनवर ग्राहकाचा पार्ट नंबर. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो, आणि अंक घरी जावा अशी आपलीच इच्छा असल्यानं तो बाहेर जाणारच असं धरून चालायचं.

गटाच्या फोटोत नावं ‘डावीकडून’ द्यायची, बसलेले आणि उभे वेगळे. पंधराच्या वर माणसं असतील तर फोटो मोठा घ्या, नाहीतर तो घेऊ नका. मोहरीएवढ्या चेहऱ्यांचा फोटो कुणालाच आनंद देत नाही.

मंजुरी

अंक उशिरा निघायचं खरं ठिकाण हे. चुकीची पद्धत अशी: सगळा अंक सजवून पीडीएफ आठ जणांना एकाच मेलवर पाठवायची. आठही जण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर, एकमेकांना छेद देणाऱ्या दुरुस्त्या सांगतात. कुणी कागदावर लाल पेनाने, कुणी फोनवर, कुणी फोटो काढून. डीटीपीवाला सहाव्या आवृत्तीत पाचवीची दुरुस्ती विसरतो.

आम्ही मंजुरी लेआउटच्या आधी घेतो, साध्या वर्ड फाइलवर. प्रत्येक बातमी वेगळी आणि ती फक्त संबंधित माणसाकडे. तपशील विभागप्रमुखाकडून, कायदेशीर बाब कंपनी सेक्रेटरीकडून, ग्राहकाचं नाव मार्केटिंगकडून. मुदत दोन कामाचे दिवस, आणि मेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की उत्तर आलं नाही तर मजकूर आहे तसा जाईल. हा नियम एमडींच्या सहीनं एकदा जाहीर करून घ्यावा लागतो. संपादकाच्या सहीनं तो चालत नाही. सेक्रेटरी आणि मार्केटिंगच्या बाबतीत मात्र मौन म्हणजे होकार धरायचा नाही, तिथे लेखी उत्तर लागतंच. लेआउट झाल्यावर पीडीएफ जाते ती एकाच अंतिम अधिकाऱ्याकडे, आणि तिथे फक्त चुका सुधारायच्या, वाक्यं सजवायची नाहीत.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर सेक्रेटरीकडची तपासणी टाळताच येत नाही. ‘या तिमाहीत विक्रमी उलाढाल’, ‘अमुक कंपनीकडून मोठी ऑर्डर’ अशी ओळ निकाल जाहीर व्हायच्या आधी अंकात गेली, तर ती शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या इनसायडर ट्रेडिंगबद्दलच्या २०१५च्या नियमांत सापडू शकते. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत आतल्या माणसांची शेअर-खरेदीविक्री बंद असते. त्या काळात निघणाऱ्या अंकात उलाढाल, नफा, नवा प्लांट यातलं काहीच नको. उत्पादनाचे आकडेसुद्धा विचारून.

दुसरी नाजूक बाब वेतनकराराची. बोलणी चालू असताना अंकात ‘वाढते खर्च आणि स्पर्धा’ या विषयावर लेख आला की युनियनच्या फळ्यावर त्याच दिवशी त्याचं उत्तर लागतं आणि पुढचे चार अंक कुणी हातात धरत नाही. कराराच्या काळात अंकानं त्या विषयावर गप्प बसावं. सही झाल्यावर दोन्ही बाजूंचा एकत्र फोटो आणि ठळक मुद्दे छापावेत, आणि ते मुद्दे दोन्ही बाजूंनी पाहिलेले असावेत. युनियनच्या क्रीडास्पर्धा, रक्तदान, पतपेढीची सभा या बातम्या मात्र एरवी नियमानं घ्याव्यात.

पानं लावणं

आठ पानांत मधलं, म्हणजे ४–५ हे एकच जोडपान खऱ्या अर्थानं सलग कागदावर असतं. दोन पानांवर पसरलेला फोटो फक्त तिथेच टाकावा, बाकी ठिकाणी घडीत चेहरा तुटतो. सेंटर पिनच्या अंकाची पानं चारच्या पटीत असतात, ‘एक पान वाढवा’ असं काही नसतं.

मराठी मजकुराला ११ पॉइंट अक्षर आणि १६ पॉइंटची ओळ ठेवतो. इंग्रजीच्या सवयीनं १३ ठेवली तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला टेकते. दोन स्तंभ. तीन केले तर एका ओळीत चारच शब्द मावतात, आणि मराठीत शब्द मध्येच तोडायची पद्धत नसल्यानं दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये खिंडारं पडतात. म्हणून डावी कड सरळ, उजवी मोकळी. असं ठेवलं की मजकुरानं भरलेल्या पानात साडेचारशे-पाचशे शब्द बसतात, फोटोंच्या पानात अडीचशे. अख्ख्या अंकाला दोन हजार शब्दांच्या वर मजकूर घेऊच नये.

फॉन्ट युनिकोडच हवा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत किंवा कृतिदेवमध्ये केलेला मजकूर छपाईत उत्तम दिसतो, पण तोच ई-मेलमध्ये नेला की कचरा होतो आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. मुक्ता, नोटो, तिरो देवनागरी मराठी असे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, परवान्याचा प्रश्न येत नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. भाषा ‘मराठी’ निवडली तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं मराठी वळणाची येतात, नाहीतर हिंदी वळणाची.

आता ज्या चुकीसाठी आम्ही प्रत्येक प्रूफ वेगळं तपासतो ती: ‘कर्मचाऱ्यांना’. हा शब्द कंपनीच्या अंकात पंचवीस वेळा येतो. तो दोन प्रकारे टाइप होतो. खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसऱ्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह व्हॉट्सअॅपवरून वर्डमध्ये, वर्डमधून लेआउटमध्ये जाताना कुठेतरी गळतं आणि शब्द ‘कर्मचार्यांना’ होतो. मग ‘दुसर्या पाळीत’, ‘अधिकार्यांनी’ अशी रांग लागते. लेआउट झाल्यावर पूर्ण फाइलमध्ये ‘र्य’ शोधायचं. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आचार्य’, ‘पर्यंत’ असे मुळातच रफाराचे शब्द सोडून जे सापडेल ते दुरुस्त करायचं. ‘र्ह’साठीही तसंच, कारण ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ तिकडच्या माणसाला खपत नाही.

अंकाचं शेवटचं प्रूफ कागदावर, खऱ्या आकारात काढून वाचावं. शीर्षकं वेगळी, फोटोओळी वेगळ्या, पानांचे क्रमांक वेगळे. मजकूर वाचता वाचता शीर्षकातली चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि सर्वांत मोठ्या अक्षरातली चूक नेहमी तिथेच असते.

छापखाना

प्रेसला अंकाचा आकार सांगण्याआधी त्यांच्याकडे कागद कोणत्या मापाचा आहे ते विचारावं. २३×३६ इंची कागद अर्धा केला की १८×२३ होतो. त्यावर ए४ची चार पानं बसत नाहीत, लांबीला जवळपास सेंटिमीटरभर कमी पडतं. म्हणून बरेच छापखाने साडेआठ बाय अकरा इंच सुचवतात. २५×३६चा कागद असेल तर ए४ निघतो. हे आधी न विचारता फाइल ए४मध्ये केली तर शेवटच्या दिवशी पानं आक्रसावी लागतात आणि कडेचे पट्टे कापले जातात.

कागद ९० किंवा १०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅट आर्ट. ग्लॉसी कागद कँटीनच्या ट्यूबलाइटखाली चकाकतो, वाचायला अंक तिरका धरावा लागतो. चारही कडांना ३ मिमी जादा रंग सोडायचा, मजकूर कडेपासून १० मिमी आत. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. चार रंगांच्या मिश्रणानं केलेला काळा रंग छपाईत केसभर सरकला तरी मात्रा आणि अनुस्वाराभोवती रंगीत सावली दिसते. त्याच कारणानं गडद पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं टाळावीत. शाई पसरून ‘ष’ आणि ‘प’ एकच दिसायला लागतात.

तीनशे-चारशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई साधारणपणे स्वस्त पडते, हजाराच्या वर ऑफसेटच. प्लेटचा खर्च एकदाच होतो, म्हणून शंभर जादा प्रतींना फारसे पैसे लागत नाहीत. त्या घ्याव्यातच, भरतीच्या वेळी आणि ऑडिटला लागतात. शेवटच्या पानाच्या तळाला मुद्रकाचं नाव, ठिकाण आणि ‘केवळ अंतर्गत वितरणासाठी’ ही ओळ असावी.

मोबाइल, मेल आणि बस

छापील अंकाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकणं म्हणजे मोबाइल आवृत्ती नव्हे. दोन स्तंभांचं ए४ पान फोनवर वाचायला दर ओळीला बोटांनी मोठं करून सरकवावं लागतं. आम्ही पाच-सहा बातम्या उभ्या, एकाच स्तंभाच्या पानांवर वेगळ्या लावतो, अक्षर मोठं ठेवतो आणि फाइल दोन-तीन एमबीच्या आत. कंत्राटी कामगारांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं पुष्कळ आहेत. सुरक्षेचं आणि उपयोगाचं पान त्यांच्यासाठी हिंदीत वेगळं जातं.

ऑफिसच्या मेलमध्ये देवनागरीची एक तांत्रिक गोम आहे. जीमेल साधारण १०२ केबीच्या वर गेलेला मेल कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ एवढाच दुवा ठेवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एक. इंग्रजीत सहज बसणारा मेल मराठीत कापला जातो, आणि तळाचे वाढदिवस कुणालाच दिसत नाहीत. म्हणून मेलमध्ये प्रत्येक बातमीच्या दोन ओळी आणि पुढे दुवा. विषयाच्या ओळीत ‘वार्तापत्र अंक १४’ लिहू नये, आतली सर्वांत कामाची बातमी लिहावी. मेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. २०२१ पासून अॅपलचं मेल अॅप गोपनीयतेची सोय चालू असलेल्यांसाठी चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. दुव्यावर किती जण गेले ते पाहावं.

छापील अंक वाटायची वेळ पाळी सुटतानाची, जागा बसचं दार. आत येताना दिला तर तो लॉकरमध्ये जातो किंवा तेलकट हातांत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते, म्हणून बुधवार. तिसऱ्या पाळीचा गठ्ठा आधीच वेगळा बांधून सुरक्षारक्षकाकडे नावानिशी द्यायचा, नाहीतर पहिल्या दोन पाळ्यांतच प्रती संपतात. निवृत्त झालेल्यांच्या आणि ज्यांचा मोठा फोटो आलाय त्यांच्या दोन-दोन प्रती वेगळ्या काढून ठेवाव्यात. त्या मागितल्या जातातच.

चूक निघाली तर, आणि निघतेच, पुढच्या अंकात पान २ वर ती दुरुस्त करून नेहमीच्याच अक्षरात छापायची, तळाला बारीक नव्हे. नाव चुकलं असेल तर त्या माणसाला त्याच दिवशी फोन करायचा, पीडीएफ दुरुस्त करून पुन्हा टाकायची आणि देवनागरी यादीत नोंद सुधारायची. उरलेल्या प्रती मोजून विभागवार आकडा वहीत लिहिला की पुढच्या अंकासाठी पहिला फोन कोणत्या विभागाला करायचा ते कळतं.